इंजिन गार, सेल्फ गरम

कोपराला चटका.

वहीच्या शेवटच्या पानावर सहा चौकोन. तीन चौकोनांत फुल्या, त्यातल्या एकात दोन.

जिथे साबणाचं काही काम नाही, तिथे साबणाचा फेस.

चार ओळींची एक सूचना. खाली सही, सहीवर शिक्का.

इस्त्रीच्या पोटातून निघालेली, बोटाच्या पेराएवढी पट्टी.

"भुताला गाडी पळवायची असती, तर त्याने आधी ती धुतली असती का?"

अकरा मिनिटं. बारा. तेरा.

या सगळ्याचा एकमेकांशी काय संबंध, असं पक्कडला बुधवारी कुणी विचारलं असतं, तर तिने नुसते खांदे उडवले असते. बुधवारी तिला एकच गोष्ट ठाऊक होती. आत्याचं काम जाणार होतं.

*

आत्या मेकॅनिक होती. फिरत्या दवाखान्याच्या सहा गाड्या तिच्या हाताखाली. जुन्या, पांढऱ्या, डिझेलवर चालणाऱ्या. रोज सकाळी साडेआठला त्या शेडमधून बाहेर पडायच्या, प्रत्येकीत एक डॉक्टर, एक नर्स आणि लसींची थंड पेटी, आणि जिथे दवाखाना नाही अशा वस्त्यांवर जाऊन उभ्या राहायच्या. शेडच्या मागे दोन खोल्या होत्या. तिथे आत्या आणि पक्कड राहायच्या. पक्कडचे आईबाबा दूर धरणाच्या कामावर. त्यामुळे ती चार वर्षांची असल्यापासून तिची वेणी घालणं, ताप उतरवणं, पाढे पाठ करून घेणं हे सगळं आत्याच्या ग्रीस लागलेल्या हातांनीच झालं होतं. हे टोपणनावही आत्याचंच. 'एकदा धरलं की सोडत नाही. ही पोरगी नाही, पक्कड आहे,' असं आत्या एकदा म्हणाली, आणि खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं उरलं.

त्या बुधवारी चार नंबरच्या गाडीचा सेल्फ जळाला.

सेल्फ म्हणजे स्टार्टर मोटर. चावी फिरवली की ही छोटी मोटर बॅटरीच्या जोरावर मोठ्या इंजिनाला पहिला गरका देते, इंजिन पेटलं की बाजूला होते. आत्या तिला 'तीन सेकंदांचा पहिलवान' म्हणायची. तीन सेकंद हा पहिलवान काहीही उचलेल, पण त्याला ओझं घेऊन गावभर फिरवलंत तर मरेल. कारण त्याला ना पंखा, ना पाणी. जी उष्णता होते ती त्याच्या पोटातच साठते. म्हणून चावी धरायची ती दहा सेकंदांच्या वर नाही, आणि नाहीच झाली गाडी सुरू तर दोन मिनिटं त्याला दम खाऊ द्यायचा. सहाही ड्रायव्हरांना तिने हे घोटून घोटून शिकवलं होतं, आणि ते तसं वागतही होते.

तरी पाच आठवड्यांत चार सेल्फ जळाले. आधी सहा नंबर, मग पाच, मग पुन्हा सहा, आता चार. प्रत्येक वेळी आत्याने जळालेली तार उलगडली, नवी गुंडाळली, कार्बन बदलले, जाड केबल टाकली. पालथ्या घड्यावर पाणी.

कार्यालयातले साहेब बुधवारी शेडमध्ये आले. ते वाईट नव्हते, पण घाईत असायचे. एवढे, की वाक्य संपायच्या आत पुढच्या वाक्याला लागायचे. वस्तीवर चाळीस माणसं डॉक्टरांची वाट बघत बसली आणि गाडी इथून हललीच नाही, असं ते म्हणाले. मग चष्मा काढून हळू आवाजात म्हणाले, "हात तुमचा, वाइंडिंग तुमचं. मग मी दोष कुणाला देऊ, तुम्हीच सांगा बाई."

शनिवारी अकरा वाजता बाहेरच्या गॅरेजचे मालक येणार होते. गाड्यांची देखभाल त्यांच्याकडे द्यायचा कागद साहेबांनी तयारच ठेवला होता. आत्याचं काम गेलं की मागच्या दोन खोल्याही जाणार, आणि मग कुठे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शाळा दुसरी, गाव दुसरं. रेडिओ आणि सावकाश नाहीत असं गाव.

*

रेडिओ म्हणजे पक्कडच्या वर्गातला मुलगा. सकाळी उठला की सुरू, तो झोपेपर्यंत. सावकाश म्हणजे शेजारच्या इस्त्रीवाल्या काकूंची मुलगी. एक बिस्कीट पाऊण तास पुरवणारी. एकाला थांबता येत नव्हतं आणि दुसरीला निघता येत नव्हतं. दोघांना ओढून नेणारी पक्कड मधे होती म्हणून तिघांची टोळी टिकून होती. सुट्टी लागल्यापासून तिघं रोज आत्याकडे काम शिकायला यायची.

रेडिओने बुधवारी संध्याकाळीच तीन गुन्हेगार शोधले. बाहेरच्या गॅरेजचे मालक, कारण त्यांचा फायदा. चार नंबरचे ड्रायव्हर मामा, कारण त्यांच्या मिशा. आणि शत्रुराष्ट्र. सावकाशने हे सगळं ऐकून घेतलं, वहीचं शेवटचं पान उघडलं आणि शेडमध्ये गाड्या जशा उभ्या असतात तसे सहा चौकोन काढले. ज्या गाडीचा सेल्फ जळाला तिथे फुली.

रेडिओने विचारलं, ही काय रांगोळी?

सावकाश म्हणाली की एक, दोन आणि तीन नंबर कोरे आहेत. फुल्या फक्त त्या टोकाला आहेत. एवढं बोलून तिने वही मिटली, कारण एका दिवसासाठी तिला ते पुरेसं होतं.

पक्कडला मात्र ते पुरलं नाही. झोपेतही तिच्यासमोर ते चौकोन होते.

*

गुरुवारी सकाळी सातला तिघं शेडमध्ये आली. आत्या आठला यायची. तिच्या आधी हत्यारांचं कपाट लख्ख करून ठेवायचं, म्हणजे ती थोडी तरी हसेल, असा पक्कडचा बेत होता.

गाड्या धुऊन, पुसून आपापल्या जागी उभ्या होत्या. हे काम पाणीवाल्या काकांचं. पहाटे साडेपाचला येऊन ते एकटे सहाही गाड्या धुवायचे आणि सातला चहाला जायचे. शेडच्या अलीकडच्या टोकाला उताराचा एक ओटा होता, त्याला गटार. धुणं तिथेच व्हायचं.

रेडिओने कपाटातून पाना उचलला, तो बोलता बोलता हवेत उडवला, आणि तो टणटणत सहा नंबरखालच्या खड्ड्यात गेला. गाडीच्या पोटाखाली उभं राहून काम करता यावं म्हणून केलेला तो खड्डा. पक्कड त्याला चार शब्द सुनावत खाली उतरली, पाना उचलला, सरळ झाली आणि तिच्या तोंडून "आई गं" निघालं.

कोपर सेल्फला लागलं होतं. सेल्फ तापलेल्या तव्यासारखा होता.

ती कोपरावर फुंकर मारत वर आली. मग तिच्या डोक्यात काहीतरी अडकलं. तिने बॉनेट उघडायला लावलं, इंजिनावर तळहात ठेवला. गार. माठाला हात लावावा तसं गार. रेडिएटर गार, धुराड्याचा पाइप गार. म्हणजे कालपासून इंजिन सुरूच झालेलं नव्हतं. मग त्याला सुरू करणारा पहिलवान घामाघूम कसा?

पाच नंबरचं तेच. तीन नंबरचा सेल्फ कोमट. एक नंबरचा गार.

"भूत," रेडिओ म्हणाला. "रोज रात्री येतं, गाडी पळवायला बघतं, जमत नाही."

सावकाशने विचार केला. बराच वेळ केला. "भुताला गाडी पळवायची असती, तर त्याने आधी ती धुतली असती का?"

तोवर पक्कड सहा नंबरच्या ड्रायव्हरच्या जागेवर चढली होती. या जुन्या गाड्यांत इंजिन बंद करायला एक खुंटी असते. ती बाहेर ओढली की डिझेल तुटतं आणि इंजिन थांबतं. त्या काळ्या खुंटीवर वाळलेल्या साबणाचा पांढरा फेस होता. आणि खुंटी ओढलेली होती, सुतळीने बांधलेली. पाचमध्ये तसंच. चारमध्ये तसंच.

आठला आत्या आली तेव्हा तिघं एकदम बोलायला लागली. आत्याने खड्ड्यात उतरून सेल्फला हात लावला. एका तासात तो निवला होता. सुतळ्या होत्या, पण ड्रायव्हर लोक बांधत असतील, असं ती म्हणाली. तिने पक्कडच्या कोपराला मलम लावलं आणि सांगितलं, की तुम्ही माझ्यासाठी इतकं धडपडताय हेच मला खूप आहे, आता खेळायला जा.

खेळायला जा, असं पक्कडला सांगून काय उपयोग होता?

*

शुक्रवार, सकाळचे पावणेसहा. उजाडायला लागलं होतं. तिघं टायरांच्या ढिगामागे बसली होती. रेडिओने तोंडात रुमाल धरला होता, स्वतःच्या भरवशावर त्याला राहायचं नव्हतं.

एक नंबर धुऊन झाली. दोन झाली. त्या ओट्याला लागूनच उभ्या असायच्या, काका त्यांना खांदा लावून ढकलायचे. तीनलाही थोडं ढकललं, थोडं काहीतरी केलं. मग ते बादली ठेवून, पायजम्याला हात पुसत, सहा नंबरमध्ये चढले.

कर्र. कर्र. कर्र. कर्र. कर्र.

इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही. म्हाताऱ्या माणसाने घसा खाकरत चालावं तशी ती एवढी मोठी गाडी गचके देत, इंच इंच, ओट्याकडे निघाली. काकांनी गाडी गिअरमध्ये टाकली होती आणि चावी फिरवून धरून ठेवली होती. खुंटी ओढलेली, म्हणजे इंजिन पेटायचा प्रश्नच नाही. एकटा सेल्फ गाडी ओढत होता. चाळीस पावलांचं अंतर. सावकाशने आकडे मोजले. सत्तर सेकंद, मधे एकदाही न थांबता. धुऊन झाल्यावर उलट्या गिअरमध्ये परत सत्तर.

पक्कडला एकदम वहीतले चौकोन दिसले. ओट्यापासून सगळ्यात लांब सहा, मग पाच, मग चार. जी गाडी जितकी लांब, तितका पहिलवान जास्त चालला. फुल्या त्याच टोकाला होत्या.

रेडिओ धावत साहेबांच्या घरी निघणारच होता. त्याने रुमाल काढला, चोर सापडला म्हणाला. पक्कडने त्याच्या सदऱ्याची कॉलर धरली आणि सोडली नाही. कारण समोर चोर नव्हता. समोर काका होते, जे तिला शाळेत जाताना रोज बाटली भरून द्यायचे आणि ती लहान असताना तिच्यासाठी साबणाचे फुगे सोडायचे. साहेबांना नुसतं सांगितलं तर आत्या वाचेल, आणि शनिवारी अकरा वाजता काका घरी बसतील. एकाला वाचवायला दुसऱ्याला ढकलायचं?

ती उठून सरळ त्यांच्यासमोर गेली.

तिने विचारलं तेव्हा काकांनी आधी अभिमानाने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे चार ओळींची सूचना होती. शेडमध्ये धूर होतो, तरी शेडच्या आत कोणत्याही कारणासाठी इंजिन सुरू करू नये, आदेशावरून. सही, शिक्का. ड्रायव्हर लोकसुद्धा सकाळी सगळे मिळून एकेक गाडी दाराबाहेर ढकलायचे आणि मगच चावी लावायचे.

"चार महिने झाले," काका म्हणाले. "मी एकदाही इंजिन सुरू केलेलं नाही. एकदाही नाही. चुकून पेटू नये म्हणून खुंटीसुद्धा बांधून ठेवतो."

आधी ते दोन-तीन जणांना हाताशी घेऊन गाड्या ढकलायचे. पाच आठवड्यांपूर्वी ती माणसं दुसऱ्या कामावर गेली, आणि लांबच्या तीन गाड्या एकट्याला हलेनात. तेव्हा ही युक्ती त्यांना सुचली. गाडी तर हलते, इंजिन तर बंद. साप मरतो आणि काठीही तुटत नाही. त्यांना कुणी गाडी चालवायला शिकवलेलं नव्हतं. ते सेल्फबद्दल कुणाला विचारायला गेले नव्हते, आणि कुणी त्यांना सांगायला आलं नव्हतं.

पक्कडने सांगितलं. पहिलवानाचं, तीन सेकंदांचं, चार जळालेल्या मोटरींचं, शनिवारच्या कागदाचं. सांगताना तिलाच वाईट वाटायला लागलं. काका बादली पालथी घालून तिच्यावर बसले. ओल्या हातांनी त्यांनी तोंड झाकलं. रेडिओने रुमाल पुन्हा तोंडात धरला.

मग काका उठले आणि म्हणाले की चला, आधी तुझ्या आत्याकडे.

*

आत्याने सगळं ऐकलं आणि ती आधी हसली. मग तिचं हसू अर्ध्यावर थांबलं.

"ती सूचना माझीच," ती म्हणाली. मागच्या थंडीत दारं बंद करून गाड्या सुरू व्हायच्या, शेड धुराने भरायची आणि काकांचा खोकला दोन-दोन तास थांबत नसे. म्हणून आत्यानेच साहेबांच्या मागे लागून ती सूचना लावून घेतली होती. "तुमच्या छातीसाठी केलं हो मी ते. करायला गेले काय आणि झालं काय."

काका म्हणाले, खोकला मात्र गेला. त्याचे आभार मानायचे राहूनच गेले होते, ते आज मानतो.

आत्याने मनगटाने डोळे पुसले. पक्कडला वाटलं, मोठी माणसं विचित्र असतात. ज्याने भांडायचं तो आभार मानतो, आणि जिने रागवायचं ती डोळे पुसते.

आता सगळं साहेबांना समजावून सांगायचं, असं आत्या म्हणाली. पक्कड म्हणाली, साहेब वाक्य पूर्ण ऐकत नाहीत. सांगून नाही, दाखवून द्यायला हवं. आणि काकांनी आता असं केलं नाही तरी उद्या दुसरं कुणी करील, परवा एखादा नवा ड्रायव्हर चावी धरून बसेल. सेल्फला स्वतःला 'बास' म्हणता आलं पाहिजे.

"इस्त्री म्हणते," सावकाश म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. तिला घाई करून उपयोग नसतो, म्हणून थांबले. तिच्या आईची विजेची इस्त्री फार तापली की आपोआप बंद होते, आणि निवली की आपोआप सुरू होते, असं तिने सांगितलं. आई म्हणते आत एक पट्टी असते. आईकडे बिघडलेल्या इस्त्र्यांचं खोकं पडलंय. ते आणू का?

आत्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि रेडिओला सांगितलं की धाव. कारण सावकाश गेली असती तर सोमवार उजाडला असता.

ती पट्टी म्हणजे दोन वेगळ्या धातूंचे पातळ पत्रे, एकमेकांना चिकटवलेले. तापल्यावर एक जास्त लांबतो, दुसरा कमी, त्यामुळे पट्टी वाकते आणि विजेचा रस्ता तुटतो. निवली की सरळ होते, रस्ता पुन्हा जुळतो. सेल्फला चालवणारी वीज फार मोठी, ती या चिमुकल्या पट्टीला झेपणार नाही, हे आत्याने समजावलं. पण चावीपासून जी बारीक तार निघते ती फक्त हुकूम देते, मोटरीला जोड किंवा तोड एवढंच. ती तार मधे तोडायची, पट्टी तिथे जोडायची आणि पट्टीचा डबा सेल्फच्या अंगाला घट्ट बसवायचा. मग अंग तापलं की हुकूमच पोचणार नाही. चावी धरून बसा, हवं तर तिच्यावर लोंबकळा.

पक्कडने तार सोलली. रेडिओने दिवा धरला आणि गप्प राहिला, हा विक्रम. काकांनी पट्टीचा डबा घासून इतका चकचकीत केला की त्यात तोंड दिसावं. जोडताना ते एकदाच म्हणाले, की माझं नाव उद्या कुणी घ्यायचं नाही. पक्कडने तसं वचन दिलं.

दुपारी सहा नंबरवर चाचणी झाली. चावी धरली, पस्तिसाव्या सेकंदाला 'टक' झालं आणि सगळं शांत. अकराव्या मिनिटाला पुन्हा 'टक', आणि गाडी पहिल्या चावीला सुरू. अर्थात गाडी शेडच्या दाराबाहेर काढून. सूचना ती सूचना.

*

शनिवार, अकरा वाजता.

साहेब आले, हातात कागद. बरोबर बाहेरच्या गॅरेजचे मालक. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा, पण नजर कामाची. आल्याबरोबर त्यांनी आत्याने गुंडाळलेली एक मोटर उचलून उजेडात फिरवून बघितली आणि जपून खाली ठेवली.

साहेबांनी पेन काढलं. पक्कड पुढे झाली. तिने म्हटलं की एक विनंती आहे. आत्याचं वाइंडिंग कच्चं आहे असं तुम्हाला वाटतं ना? मग सहा नंबरचा सेल्फ तुम्हीच जाळून दाखवा. चावी धरा आणि हवा तेवढा वेळ धरा.

आत्याने डोळे मोठे केले. हे ठरलेलं नव्हतं.

साहेब हसले, पण घाईत असलेल्या माणसाला आव्हान चटकन लागतं. गाडी बाहेर उन्हात उभी होती. पक्कडने खुंटी ओढली, साहेबांनी चावी फिरवली. दहा सेकंद. वीस. गॅरेजचे मालक कासावीस होऊन म्हणाले, अहो पुरे, जळेल ती. साहेबांनी सोडली नाही. तीस. टक. शांतता.

साहेब दोन-तीनदा चावी फिरवत राहिले. काही नाही. ते खाली उतरले, खिशातून पुन्हा पेन काढलं आणि म्हणाले, "झालं समाधान? पाचवा."

पक्कड म्हणाली की थांबा. एक चहा होईपर्यंत थांबा, मग सही करा.

चहा आला. चहा संपला. दहा मिनिटं झाली. सावकाश गाडीच्या पोटाला कान लावून बसली होती. अकरा. 'टक' नाही. बारा. काल गाडी सावलीत होती, आज उन्हात, हे पक्कडला आत्ता सुचत होतं. तेरा. रेडिओने तेवढ्यात साहेबांना इस्त्रीचा इतिहास सांगायला घेतला, आणि पहिल्यांदाच पक्कडला त्याच्या बोलण्याचे उपकार वाटले. चौदा. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

सावकाशने हात वर केला. सावकाश.

"आता," ती म्हणाली.

पक्कडने खुंटी आत ढकलली आणि साहेबांना मानेने खूण केली. त्यांनी चावी फिरवली. तीन सेकंदही लागले नाहीत. सहा नंबरचं इंजिन धडधडून सुरू झालं.

गॅरेजचे मालक पोट आत ओढून गाडीखाली शिरले, आणि बाहेर आले ते डोकं हलवत. "ही पट्टी मला वीस वर्षांत सुचली नाही," ते म्हणाले. "साहेब, या बाईंना काढून मला कशाला घेता? माझीच दोन माणसं मी इथे शिकायला पाठवतो."

मग साहेबांनी विचारलं की हे ठीक, पण जळत कशामुळे होत्या? पक्कड गप्प बसली. आत्या गप्प बसली. रेडिओने ओठ आत ओढून दातांखाली धरले.

काका पुढे आले. हातात टोपी, पायांत ओल्या चपला. त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं, ढकलण्यापासून सुतळीपर्यंत, काही न लपवता. आणि साहेबांनी, कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच, एक वाक्य शेवटपर्यंत ऐकलं.

मग ते भिंतीपाशी गेले, चष्मा लावून स्वतःची सूचना वाचली. इंजिन सुरू करू नये. मग गाडी चाळीस पावलं हलवायची कशी, त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. त्यांनी ती सूचना उतरवली. हातातला कागद दुमडून तिच्याबरोबर खिशात घातला.

"चूक तुमची नाही," ते काकांना म्हणाले. "करू नका एवढं मी लिहिलं. करायचं कसं, ते तुम्हाला विचारायला हवं होतं."

तिथेच ठरलं, की संध्याकाळी गाड्या परत येतील तेव्हा इंजिन चालू असतं, दारं उघडी असतात. तशाच त्या थेट ओट्यावर जातील, धुतल्या जातील आणि मग आपल्या जागी लागतील. काकांना पहाटे उठायला नको. सहाही गाड्यांना इस्त्रीच्या पट्ट्या बसतील. आणि चार नंबरचे मिशीवाले मामा काकांना रविवारी मैदानावर गाडी शिकवतील. मामांनी हे ऐकून मिशीला पीळ दिला. रेडिओने मनातल्या मनात त्यांची माफी मागितली, शत्रुराष्ट्राची मात्र नाही.

साहेब तिघांपुढे येऊन उभे राहिले. सोमवारी चार नंबर वस्तीवर पोचेल, तेव्हा तिथल्या चाळीस माणसांना तुमच्याबद्दल सांगायला मी डॉक्टरांना सांगणार आहे, असं ते म्हणाले. वाक्य मोठं होतं, पण त्यांनी ते पूर्ण केलं. सावकाशने आभार मानायला तोंड उघडलं तोवर ते गाडीत बसले होते.

काकांनी तिघांच्या बाटल्या घेतल्या, विसळल्या आणि काठोकाठ भरून दिल्या.

शेड रिकामी झाल्यावर आत्याने पक्कडचं कोपर हातात घेऊन बघितलं. फोड बसला होता. 'धरलंस तर सोडलं नाहीस,' एवढंच ती म्हणाली, आणि पक्कडची विस्कटलेली वेणी, काळ्या बोटांचे ठसे उमटणार हे माहीत असूनही, तिथेच उभ्याउभ्या पुन्हा घालायला लागली. पक्कड मान न हलवता उभी राहिली. आपण किती वर्षं या हातांपुढे अशा उभ्या राहतोय, हे तिने मोजून बघितलं. आठ.

गुरुवारी दुपारी आत्याने राजीनामा लिहून खाली सही केली होती. तारीख तेवढी घालायची राहिली होती, आणि आता ती घालायची गरज नव्हती.